डिंकबाईंचं सामायिक मशीन

माझ्या मावशीला आमच्या संस्थेत पाठीमागे डिंकबाई म्हणतात. शरीरातलं एक प्रथिन एका औषधाच्या रेणूला घट्ट धरून ठेवतं, असं ती वर्षानुवर्षं शिकवत आलीय, तेही दोघांचं लग्न स्वतःच जुळवल्याच्या थाटात. पुरावे होते, पण आडवळणाचे. कोण कोणाला किती घट्ट धरतं हे समोर दाखवणारं मशीन आमच्याकडे नव्हतं. निवृत्तीआधी ते एकदा डोळ्यांनी बघायचं, हा तिचा हट्ट.

मी तिथेच खरेदी विभागात असल्यामुळे तो हट्ट माझ्या गळ्यात पडला. एवढं महाग मशीन तीन विभागांनी मिळून मागितलं तरच मंजूर होतं. आमचे तिघे विभागप्रमुख म्हणजे तीन तिघाडा, काम बिघाडा. एकाला मशीन आपल्या मजल्यावर हवं होतं, दुसऱ्याला किल्ली हवी होती. तिसऱ्याला काहीच नको होतं, फक्त पहिल्या दोघांना मिळायला नको होतं.

शेवटी मावशीने स्वतःची तळमजल्यावरची खोली मशीनला दिली आणि टेबल बोळात मांडलं. वर, पाळी आपली सगळ्यांत शेवटी, असंही लिहून दिलं.

"मावशी, वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं.

"त्यांच्या सह्या आण. मला उत्तर हवंय, खोली काय करायचीय?"

मशीन आलं. सगळ्यांचं आटोपल्यावर तिची पाळी आली. तिने छोट्या काचेवर प्रथिन चिकटवलं आणि त्यावरून औषधाचं पाणी सोडलं. रेणूने पकड घेतली की पडद्यावरची रेघ चढते. रेघ आडवीच राहिली, दुपारी जेवून लवंडलेल्या माणसासारखी. तिने नवं प्रथिन घेऊन पुन्हा केलं. मग दुसरी, ओळखीची जोडी घालून मशीनच तपासलं. तिथे रेघ झपकन चढली. मशीन ठणठणीत होतं.

तिन्ही विभागप्रमुख सांत्वनाला एकत्र आले. इतकी एकी मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती.

"चालायचंच, मॅडम," किल्लीवाले म्हणाले. हसू त्यांच्या मिशीत मावत नव्हतं. "बोभाटा कशाला? तुमचे जुने लेख आता उघडतंय कोण?"

"मी उघडणार. चुकलं होतं, असं छापून द्यायचंय."

ते गेल्यावर ती बोळातल्या टेबलाशी बसून रडली. मला फार वाईट वाटलं.

"बरं झालं मशीन आणलं," ती डोळे पुसत म्हणाली. "नाहीतर मी चुकलेलीच निवृत्त झाले असते, आणि निरोपाच्या भाषणांत तुम्ही सगळ्यांनी मला बरोबर म्हटलं असतं."