पावटे सोलताना

अक्कांच्या घरी रिकाम्या हातानं बसायची सोय नव्हती. गेलात की भिजवलेल्या पावट्यांचं पातेलं पुढ्यात. "हात लावा की स्वल्प!" स्वल्प म्हणजे त्यांच्या कानडीत थोडंसं. एकेक दाणा चिमटीत दाबायचा, साल बाजूला, डाळ ताटात. बंगळूरात यशवंतपूरला आमच्याच इमारतीत त्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या निपाणीच्या, सरकारी दवाखान्याच्या लॅबमधून रिटायर झालेल्या. "हात गुंतले की जीभ सुटते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि सुटायची ती माझ्या निखिलची! चोवीस वर्षांचा घोडा, माझ्यापुढे 'हो', 'नाही', 'जेवलो' एवढंच. खाली मात्र तासन्‌तास गप्पा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. नऊ महिने पोटात वाढवला मी, आणि गुजगोष्टी हिच्याशी?

एका रविवारी कढी द्यायला खाली गेले. दार उघडंच होतं. निखिल मान खाली घालून पावटे दाबत म्हणत होता, "अक्का, परवा कंडोम नव्हता वापरला. एचआयव्हीची भीती वाटतेय."

अक्कांनी मान वर केली नाही. "परवाच ना? मग वेळ आहे अजून. बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू करायच्या असतात. ऊठ, हात धू. आत्ताच जाऊ."

मी कढी घेऊन आल्या पावली वर गेले. खरं सांगते, भीती नंतर वाटली, आधी मत्सरच वाटला. दोन दिवस पोरगा माझ्या हातचं जेवत होता आणि चकार शब्द बोलला नव्हता.

महिनाभर त्यानं गोळ्या घेतल्या. पुढच्या चाचण्यांत काही निघालं नाही, हे त्यानं मला एका वाक्यात उरकून सांगितलं. मग मी अक्कांवर तडकलेच. "माझ्या पोराचं मला का नाही सांगितलंत?"

"त्याचं त्यानं सांगायचं की! आणि तू विचारतेस कुठं गं, उलटतपासणी घेतेस. डोळे रोखून! पोरं पळतील नाही तर काय?"

खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

दिवाळीनंतर अक्का गेल्या, झोपेतच. मग पावट्यांचे दिवस आले. मी पातेलं घेऊन बसले. "हात लाव स्वल्प," म्हटलं. निखिल बसला. मग मान वर न करता मी विचारलं, "काळजी घेतोस ना रे? कंडोम, चाचणी?"

"घेतो. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघंही चाचणी करतोय." त्यानं एक दाणा दाबला. "आई, तेव्हा ना, मी बाथरूममध्ये खूप रडलो होतो. हे अक्कालाही नाही सांगितलं."

अक्कालाही नाही! कधी एकदा खाली जाऊन अक्कांना ऐकवते असं झालं मला. तशीच ओल्या हातांनी उठले, धडाधडा जिना उतरले. दाराला कुलूप होतं.