घड्याळ मागे पडते म्हणणारे गुरुजी

रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके पडले की एक फिर्याद आजही माझ्यासमोर उभी राहते.

डिजिटल घड्याळे नवीन होती तेव्हाची गोष्ट. मी कर्जत तालुक्यात फौजदार होतो. रसायनीच्या कारखान्यातला एक केमिस्ट ठाण्यात आला आणि त्याने उघडे मनगट माझ्यापुढे असे धरले, जणू हातच तुटलाय. आखातातल्या मेहुण्याने पाठवलेले घड्याळ चोरीला गेले होते. आकड्यांचे, गजराचे, दिव्याचे, शिवाय सेकंदाचेही तुकडे करणारे. फिर्याद लिहिताना हवालदार मध्येच थांबून स्वतःच्या चावीच्या घड्याळाकडे खिन्नपणे बघे. माझा डावा हातही आपोआप टेबलाखाली गेला होता.

केमिस्ट आणि त्याचे मित्र अमावास्येच्या सुमारास कळंबच्या माळावर तारे बघायला जात. शिळफाट्याचा टेंपो ठरलेला. उल्का दिसली की एकाने ओरडायचे, दुसऱ्याने वेळ सांगायची, तिसऱ्याने टिपायची. वेळ सांगण्याचा मान वर्षानुवर्षे त्यांच्यातल्या एका शाळामास्तरांचा. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. नवे घड्याळ आले आणि तो मान केमिस्टकडे गेला. मग एका पहाटे हातपाय धुताना त्याने घड्याळ सतरंजीवर काढून ठेवले आणि ते नाहीसे झाले.

खबर गुरुजींनीच दिली. हलक्या आवाजात म्हणाले, "कुणावर आळ घेऊ नये. पण टेंपोवाला घड्याळाकडे टक लावून होता."

टेंपोवाल्याला आणले. पंचविशीतला गडी. "सायब, बघत व्हतो. सगळेच बघत व्हते. मला वेळ कारखान्याच्या भोंग्यावर कळतंय, ते घड्याळ घेऊन काय करू?" मग तो टेबलाजवळ सरकला. "रविवारी पोरीकडचे येणार हायेत. चौकीत बसवलं कळलं, तर सोयरीक गेली माझी."

टेंपोची झडती घेतली. काही मिळाले नाही. शिवाय एक गोष्ट मला खटकत होती. बाकी सगळे साक्षीदार घड्याळाचे गुण गात होते. गुरुजींच्या तोंडून तेवढा त्याच्याविषयी एकही चांगला शब्द निघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना चहाला बोलावले आणि मी घड्याळाची आरतीच सुरू केली. काय तो दिवा, काय तो गजर. गुरुजी बशीत चहा ओतत राहिले.

"आणि वेळ म्हणाल तर," मी डोळे मिटून म्हणालो, "एका सेकंदाचा फरक नाही म्हणे."

बशी खाली आली. "कोण म्हणतं? मागे पडतं ते. रेडिओच्या ठोक्यांना लावून पाहिलं. काल पडलं, आज सकाळीही पडलं."

हवालदाराची लेखणी थांबली. मी विचारले, "आज सकाळी, गुरुजी?"

त्यांनी उरलेला चहा प्यायला नाही.

पंचांसमक्ष घड्याळ त्यांच्या घरी रेडिओमागे रुमालात सापडले. "ते चुकतं एवढं सिद्ध करून परत ठेवणार होतो," ते म्हणाले. बातम्यांची वेळ झाली होती, म्हणून आम्ही रेडिओ लावला. शेवटचा ठोका आणि आकडा एकदमच पडले. घड्याळ अचूक होते. खोटी निंदा करण्यासाठी त्या माणसाने खरा गुन्हा कबूल केला होता.

कोर्टात केमिस्टने तडजोड केली. त्याची अट एकच होती, आणि ती गुरुजींनी रविवारीच पुरी केली होती: पोरीच्या बापासमोर हात जोडून टेंपोवाल्याचा काही दोष नव्हता, असे सांगायचे.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. मुहूर्त जवळ आला तसे केमिस्टने बाही वर सारून मनगट पुढे केले. नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला केल्या.

"ते घड्याळ मांडवात नको. त्यानं मला चौकी दाखवली. गुरुजींचं धरा."

गुरुजींनी चावीचे घड्याळ कानाला लावले आणि म्हणाले, "अजून वेळ आहे." भटजींनी आणखी एक मंगलाष्टक घेतले.

चोर ओळखायला वस्तूची किंमत उपयोगी पडते, असे आम्हाला शिकवले होते. ती वस्तू कुणाला सलते हे विचारायला मी या प्रकरणात शिकलो. म्हणून त्या मांडवात अक्षता टाकताना मी केमिस्टकडे पाहिले. तो गुरुजींच्या जुन्या घड्याळाकडे टक लावून बघत होता. मी हवालदाराला कोपराने ढोसले आणि सांगितले, आता याच्यावर नजर ठेव.