गरम तेलाचं माप

गिअरवहिनीने खडीवाल्याचे दोन दात पक्कडीने उपटले, अशी बातमी आहे. इस्त्रीवालीने सकाळी दोन सांगितले, दुपारी दूधवाल्याकडे त्यांचे चार झाले, आणि दिवेलागणीपर्यंत खडीवाला पुरता बोळका होऊन पेजेवर आला होता. आता खरं ऐका. दात एकच पडला, आणि तो खडीवाल्याने आपल्याच गाडीच्या स्टिअरिंगवर तोंड आपटून पाडला. वहिनीच्या हातात पक्कड होती हे खरं, पण ती पक्कड त्या वेळी फार निकडीच्या कामात होती. आणि पक्कड तिच्या हातात नसते तरी कधी? रात्री ती कूस बदलते तेव्हा नवरा आधी तिच्या हातात काय आहे ते बघतो, असं म्हणतात. म्हणणारे आम्हीच.

नवरा म्हणजे आमचे शिंपीमास्तर. गरीब माणूस. सुई टोचली तरी सुईची माफी मागेल. त्यांच्या वडिलांचं गॅरेज, गिअरबॉक्सचं. म्हातारा हाताने सोनं, तोंडाने गटार, आणि पाना नेम धरून फेकण्यात पटाईत. त्याचे कारागीर डोक्याला टाके घालून एकेक करून पळाले. मास्तरांनी शिलाईमशीन उचललं आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले, ते आजतागायत तिथेच आहेत. मागे उरली नवी सून. म्हाताऱ्याने मागितला एक पाना, तिने दिला भलताच. पाना सणसणत परत आला आणि तिच्या कानशिलाजवळून जाऊन भिंतीचा पोपडा घेऊन पडला. सुनेने वाकून उचलला आणि तितक्याच नेमाने म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर हाणला. गल्ली कान टवकारून बसली, की सून आता माहेरी जाणार. म्हातारा गुडघा चोळत म्हणाला, "हात सरळ आहे. ये, गाडीखाली ये."

ती गाडीखाली गेली ती गेलीच. पुढे एकदा जॅक सटकून अख्खा गिअरबॉक्स तिच्या पायावर बसला. डाव्या पायाची करंगळी चेचली गेली. तिने गिअरबॉक्स बाजूला केला, शिव्या घातल्या, हातातलं काम संपवलं आणि मग दवाखान्यात गेली. म्हातारा वारला तोवर अशी ख्याती झाली होती, की ज्या गाड्यांत क्लच पायाने दाबायचा नसतो, गिअर आपोआप पडतात, त्या आजारी पडल्या की वहिनीकडेच आणायच्या.

माहेरचं म्हणाल तर तिला एक धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हापासून हिनेच वाढवला. गाडी झकास चालवतो, पण स्वभाव मऊ. तो खडीवाल्याकडे ड्रायव्हर होता. खडीवाला म्हणजे गावाबाहेरच्या दगडखाणीचा मालक. मान बैलाची, आवाज सुरुंगाचा, आणि हात सदैव कुणाच्या तरी गालाच्या वाटेवर. त्याच्याकडे एक जुनी, उंच, चौकोनी ऑटोमॅटिक गाडी होती. बायकोपेक्षा तिला जास्त जपायचा. तिच्या बॉनेटला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. रोज सकाळी स्वतः गिअरचं तेल मापायची पट्टी काढून बघायचा, पुसायचा आणि 'भरलंय' म्हणून जाहीर करायचा.

त्या दिवशी धाकटा गॅरेजात आला तो एका डोळ्याने. दुसरा सुजून बंद झाला होता. ओठ फाटलेला, शर्टाचा पुढा रक्ताने ताठ.

"कोणी?" वहिनीने गाडीखालून विचारलं.

"मालकाने. ताई, मला लपव."

"आधी बोल."

तो बोलला. खाणीच्या चढावर त्याने गाडी घातली होती. मध्येच इंजिन बोंबलायला लागलं, पण चाकांनी ओढच सोडली. गाडी मागे घरंगळली. मागे खडीवाल्याचा सख्खा भाऊ उभा होता. त्याचा पाय बंपर आणि वजनकाट्याच्या भिंतीत सापडला आणि गुडघ्याखाली चुरा झाला. दवाखान्यात सळया घालून पडला आहे, पुन्हा चालेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. आणि खडीवाल्याने ठरवून टाकलं, की ड्रायव्हरने गिअर जाळला. भावाचा पाय गेला, तर ड्रायव्हरचे हात जाणार.

"गिअर आधी कधी घसरला होता?"

"महिनाभर घसरतोय. मालकाला सांगितलं, तर कानाखाली बसली. म्हणाला, तुझ्या पायाला वळण नाही."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

धाकटा ओठावरचं रक्त पुसत राहिला. वहिनी गाडीखालून सरपटत बाहेर आली, त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि मग जो गाल अजून बरा होता तिथे एक खणखणीत ठेवून दिली. पुढच्या खोलीत मास्तरांचं मशीन थांबलं.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा आवाज आला. खडीवाला आला होता. ट्रकमागे दोराने बांधून आणलेली ती गाडी, सोबत दोन गडी, एक दाढीवाला, एक टकल्या. आणि खडीवाल्याच्या हातात खाणीतली पहार.

त्याने काही विचारलं नाही. पहारेने आधी दारातली काच फोडली, मग पान्यांची फळी खाली ओढली. लोखंडाचा असा पाऊस पडला की शेजारच्या गॅलरीतल्या बायका आत पळाल्या, आणि लगेच बघायला बाहेर आल्या. मास्तर कात्री घेऊन धावले. कापडाची कात्री! टकल्याने त्यांना एका हाताने भिंतीवर भिरकावलं. चष्मा फुटला. कात्री मास्तरांनी शेवटपर्यंत सोडली नाही, पण कुणावर उगारलीही नाही.

दाढीवाल्याने धाकट्याला केसांना धरून कामाच्या टेबलापाशी फरफटत नेलं. टेबलाला लोखंड आवळून धरायचा मोठा वाइस होता. त्याने धाकट्याचा उजवा पंजा त्यात घातला आणि दांडा फिरवला. धाकटा ओरडला.

"ए बाई," खडीवाला म्हणाला, "तू म्हणे गिअरच्या पोटातलं सांगतेस. सांग. याने जाळला असेल, तर हा हात आत्ता जाईल. नसेल जाळला, तर याला घेऊन जा."

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

"भाऊ तुझाच आहे. खोटं सांगशीलच. म्हणून मी उभा आहे."

वहिनीने वाइसकडे बघितलं, भावाच्या निळ्या पडत चाललेल्या बोटांकडे बघितलं आणि फडक्याला हात पुसले. "मालक, तेल तुम्हीच बघा. रोज बघता तसं."

खडीवाल्याची छाती फुगली. गाडी बंद, थंड. त्याने बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली आणि सगळ्या गल्लीला दाखवली. "भरलंय! खुणेच्याही वर! माझ्या बापाने शिकवलंय, तेल बघायचं ते इंजिन बंद करून." त्याने पट्टी नाकाशी नेली. "आणि वास? जळका! तेल भरलेलं आणि जळलेलं. म्हणजे जाळलं कोणी?" आणि टेबलाशी जाऊन त्याने स्वतः दांड्याला आणखी पाव फेरा दिला. हाडाचा आवाज आला. धाकटा गुडघ्यावर आला, पण पडायला जागा नव्हती, हात वर अडकलेला.

वहिनीने दात इतके आवळले की जबड्याची हाडं वर आली. पण हात हलला तो फक्त किल्लीकडे. तिने गाडी चालू केली, ब्रेक दाबून धरला आणि गिअरचा दांडा एकेका खुणेवर नेत, प्रत्येक ठिकाणी जरा थांबवत, पुढून मागे आणि मागून पुढे फिरवला. कान डॅशबोर्डला लावलेला. गाडी तापेपर्यंत ती तशीच बसली. मागून धाकट्याचं हुंदके देणं ऐकू येत होतं. खडीवाला ओरडला, "चहा हवाय का?"

ती उतरली. इंजिन चालूच ठेवलं. पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. पट्टीचं फक्त टोक ओलं होतं. तपकिरी, आणि त्यात बुडबुडे.

"हे बघा."

"हातचलाखी!"

"तुम्हीच घाला, तुम्हीच काढा."

त्याने घातली, काढली. टोकच ओलं. पुन्हा घातली. पुन्हा टोकच.

"इंजिनाचं तेल गाडी बंद करून बघतात, मालक. गिअरचं तेल गाडी तापवून, चालू ठेवून बघतात. बंद केली की वरचं सगळं तेल खाली उतरतं आणि पट्टी भरल्यासारखी दिसते. चालू असताना गिअरच्या पंपाला तेलच पुरत नाही. तो हवा ओढतो, दाब उतरतो, चाकांची पकड सुटते, आणि घसरून घसरून उरलेलं तेल जळतं. रोज सकाळी तुम्ही रिकामी गाडी भरलेली म्हणून पाठवत होता."

गल्लीत कुणीतरी खोकलं.

"मग तेल गेलं कुठे? माझ्या अंगणात थेंब नाही!"

वहिनी गाडीखाली सरकली आणि त्याच्या शर्टाला धरून त्यालाही खाली ओढलं. गिअरचं तेल थंड करायला रेडिएटरकडे नेणारी रबरी नळी चालत्या इंजिनावर बारीक फवारा मारत होती. तेल मागे उडत होतं, आणि गाडीच्या सगळ्या पोटावर खडीच्या भुकटीचा आणि तेलाचा लेप बसला होता, बोटभर जाड. तिने त्यात पक्कड खुपसली आणि खपली उचकटली. खाली आणखी थर, त्याखाली आणखी. "बंद केली की फवारा बंद. अंगणात पडणार काय? आणि हे एका दिवसाचं नाही. मोजत बसा."

खडीवाला उठला. चेहरा काळाठिक्कर. समजलं होतं त्याला, ते डोळ्यांत दिसत होतं. पण समजलेलं गिळायचं, तर आपल्या भावाच्या पायाचा चुरा आपल्याच पट्टीने झाला हेही गिळावं लागतं. त्याने पहार उचलली आणि वहिनीच्या खांद्यावर घातली. ती गाडीच्या दारावर आपटली. काच तडकली.

"चालवणाऱ्याच्या पायात दोष आहे!" तो गरजला. "माझ्या हातात ही गाडी कधी घसरली नाही!"

"सपाट रस्त्यावर," वहिनी दाराला धरून उभी राहत म्हणाली. तोंडात रक्त होतं, ते थुंकली. "समोर गाड्या चढवायचा रॅम्प आहे. चढवा."

आता गल्लीसमोर नाही म्हणणार कसं? खडीवाला बसला. पट्टा वगैरे लावायचा त्याचा स्वभाव नाही. दोघे गडी मागे उभे राहिले. गाडी रॅम्पच्या अर्ध्यावर गेली आणि इंजिनाने भोकाड पसरलं. चाकं गप्प. गाडी मागे घरंगळू लागली. टकल्याने उडी मारली. दाढीवाल्याला उशीर झाला. बंपरने त्याला ढकलून टायरींच्या ढिगात गाडलं, बरगड्या दाबल्या गेल्या. घाबरलेल्या खडीवाल्याने पाय तळापर्यंत दाबला. आणि नेमकं तेव्हाच तेल पंपात पोचलं. धडाड्‌कन गिअर धरला. गाडी बाण सुटावा तशी वर गेली आणि रॅम्पच्या टोकाच्या लोखंडी खांबावर आदळली. खडीवाल्याचं तोंड स्टिअरिंगवर.

तो एक दात तेव्हाचा.

वहिनी तिकडे बघतही नव्हती. वाइसचा दांडा दाढीवाल्याने काढून खिशात घातला होता, आणि तो टायरींत कण्हत होता. म्हणून तिने वाइसचा पेच पक्कडीने धरला आणि एकेक आटा उलटा फिरवायला लागली. टकल्या धावत आला आणि तिच्या वेणीला हात घातला. तिने मागे न बघता डाव्या हाताने लांब पाना त्याच्या नडगीवर उतरवला. टकल्या मटकन बसला आणि बसूनच राहिला. मास्तर पुढे आले. त्यांनी धाकट्याला कमरेला धरलं. पंजा सुटला तेव्हा दोन बोटं वाकडी झाली होती. मास्तरांनी कात्रीने आपला सदरा टराटरा फाडला आणि बोटं बांधली. अख्ख्या गल्लीत एवढी सफाईदार पट्टी कुणी बांधली नसती.

खडीवाला गाडीतून उतरला. हनुवटीवरून रक्त गळत होतं, पहार हातात होती. दोन पावलं आला. टायरींतून दाढीवाला बोलला, "मालक, त्या दिवशीही अस्संच झालं होतं. आम्ही बघितलंय."

"मग बोलला का नाहीस?"

दाढीवाल्याने फक्त गालाला हात लावला.

पहार खाली पडली. खडीवाला रॅम्पच्या कडेला बसला. मोठं जनावर खाली बसावं, तसा बसला. रुमाल काढून तोंडाला लावला. वहिनीने भावाला खुर्चीत बसवलं, इंजिन बंद केलं, गिअरच्या तेलाचं बूच सैल केलं आणि खाली डबा सरकवला. खांदा लोंबत होता, पण काम म्हणजे काम.

शेवटी तो म्हणाला, "वहिनी." पहिल्यांदाच. "गाडी नीट करा. आणि हात बरा झाला की याला कामावर पाठवा. पुन्हा बोट लावणार नाही."

"गाडी नीट होईल. हा येणार नाही."

खडीवाल्याला राग यायला तेवढं पुरलं. "मोठी आलीस! तू काय त्याला पाळण्यात झुलवतेस? तूही हाणतेस त्याला. आत्ता मी आलो तेव्हा तुझ्या पाच तेलकट बोटांचा छाप त्याच्या गालावर होता!"

हे खरंच होतं.

वहिनीने डब्यातलं तेल बोटांवर चोळून बघितलं, फडक्याला पुसलं आणि म्हणाली, "हाणते. पण त्याचं सगळं ऐकून घेऊन मग हाणते."