तारीख उलटलेला आमरस

डब्यांना मुदत असते, किश्श्यांना नसते. रत्नागिरीतल्या आमच्या आमरसाच्या कारखान्यात दोन वर्षं काढल्यावर माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की मैत्रिणी भेटल्या की "लग्नाचं काय?" विचारायच्या आधी "डब्याचं सांग!" म्हणतात. त्यातून मी मुळातच भित्री. दार आपटलं तरी दचकते. अशा मुलीला केवळ बी.एस्सी. झाली म्हणून 'हे खाल्लं तर चालेल का' हे ठरवायच्या कामावर नेमलं, तर दुसरं काय होणार?

*

पहिल्याच आठवड्यात मालक अण्णा माझ्या खोलीत आले.

"सुमनबाई, मुंबईचे व्यापारी विचारतात, डबा किती दिवस टिकतो? लेबलावर छापायचंय. बोला, किती?"

मी पुस्तक शोधायला लागले. अण्णा टेबलावर बोटं वाजवत उभे.

"सहा महिने!" मी घाबरून म्हटलं.

"सहा? अहो, हंगाम मे महिन्याचा. पावसाळ्यात बोटी बंद. माल मुंबईला पोचेपर्यंत निम्मी मुदत संपली की!"

"मग बारा!"

"झकास!" म्हणून अण्णा थेट छापखान्यात गेले.

अशी शास्त्रीय पद्धतीने मुदत ठरली!

त्या बारा महिन्यांनी पुढे माझा जीव खाल्ला. दुसऱ्या वर्षी आदल्या हंगामातली दोनशे खोकी गोदामात पडून राहिली. मेमधल्या शेवटच्या बोटीवर ती चढायची होती, पण बोटीत जागाच मिळाली नाही. नारळी पौर्णिमा होऊन बोटी सुरू झाल्या, तोवर लेबलावरची तारीख उलटून गेलेली!

अण्णा म्हणाले, "तुम्ही सही केलीत तर माल मुंबईला, नाहीतर खाडीत. आणि खाडीत गेला, तर पुढल्या साली कारखान्याला कुलूप."

आंबे सोलायला चाळीस बायका होत्या. माझी सही म्हणजे त्यांचा पुढचा हंगाम. आणि चुकीची सही म्हणजे कुणाचं तरी पोट, कदाचित जीवसुद्धा! मी महिनाभराची मुदत मागून घेतली. आता मुदतीचीही मुदत!

*

तपासायला म्हणून मी काही डबे मांडणीवर ठेवले, आणि उष्णतेचा परिणाम बघायला एक मुद्दाम उन्हात, खिडकीशी. तो फुगत चाललेला मला दिसत होता. रोज वहीत नोंद करत होते, 'फुगवटा वाढला.' आणि एका दुपारी, फट्ट!

मी किंचाळत बाहेर पळाले ती थेट विहिरीपर्यंत. डोक्यापासून पदरापर्यंत पिवळी! हंगाम संपलेला, तरी डबे पुसायला आलेल्या बायका हातातलं टाकून धावल्या. सखूबाय त्यातली सगळ्यात जुनी. तिने माझ्या दंडावरून एक बोट फिरवलंन, चाटलंन, आणि म्हणाली, "आंबलाय गो, बाय. दुसरं काय नाय."

मी आंघोळ करून आले, नमुना घेतला, तीन दिवस बाटल्या-नळ्यांत घातला आणि अहवाल लिहिला, 'आम्लता वाढलेली आढळते.'

*

सखूबायचं शास्त्र वेगळंच. लाकडी पळीनं डब्याच्या टाळक्यावर टक् करायची. 'ठण' वाजला तर चांगला, 'बद' वाजला तर वाईट.

"असं कुठे असतं का?" म्हणून मी तिची परीक्षा घेतली. वीस डबे तिच्यापुढे ठेवले. तिने सांगायचं, मी फोडून बघायचं. एकोणीस 'ठण', आणि एकोणीसही चांगले! विसाव्याला ती म्हणाली, "ह्यो वाईट." मी फोडला तर आत रस अगदी फर्स्ट क्लास!

मला काय आनंद झाला! "बघ, चुकलीस की नाही?"

तिने डबा फिरवून पोचा दाखवलान. सकाळी मांजराला दचकून माझ्याच हातून तो पडला होता.

"तू पाडलंस त्याला. आवाज बसला बिचाऱ्याचा. रस कशाला बसंल?"

*

झाकणं बसवायच्या मशीनवर इब्राहिमचाचा. मूळचे दाभोळचे, वीस वर्षं आगबोटीवर स्वयंपाकी होते. मी त्यांना मोठ्या आशेनं विचारलं, "चाचा, बोटीवर डब्यांची तारीख कशी बघायचात?"

"तारीख कोण बघतो, बेटी? आम्ही कप्तानाचं तोंड बघायचो."

"म्हणजे?"

"आधी त्याला वाढायचं. तासाभरानं तो ओरडायला लागला, की समजायचं तब्येत खुशाल आहे. मग आम्ही जेवायचं!"

हे शास्त्रात बसतं का, यावर मी संध्याकाळभर विचार केला. बसतं, असंच वाटतं.

*

त्या दिवसांत मला सगळ्याच खाण्याची भीती बसली होती. दुपारी बायका जेवणाचे डबे सोडायला बसल्या, तर मी प्रत्येकीचं भांडं वाकून बघत होते. सखूबायच्या भांड्यात बांगड्याचं कालवण.

"आजचं की कालचं?"

"कालचं."

"अगं, कालचं मासळीचं आज खातेस?"

"मग काय करू? आज खाल्लं नाय, तर उद्या परवाचं व्हईल!"

चाळीसजणी हसल्या. मी मात्र तिच्या शेजारी घड्याळ लावून बसले. तीन वाजता तिला काहीच झालं नव्हतं. मला मात्र काळजीनं मळमळायला लागलं, आणि अण्णांनी मलाच घरी पाठवलं!

*

शेवटी महिना संपला. उन्हातला तो एक सोडला, तर जुन्या डब्यांपैकी मी तपासले तेवढे सगळे चांगले निघाले. रंग चांगला, वास चांगला, नळीतली परीक्षा चांगली. जिभेवर थेंब ठेवून बघितला, तोही चांगला. पण कागद पुढे घेतला की मी पेनचं टोपण पुन्हा लावून ठेवायचे. थेंब वेगळा आणि वाटी वेगळी! आपण पोटभर खात नाही, तोवर दुसऱ्यांना कसं खा म्हणायचं?

म्हणून एका सकाळी मी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "आज मी उलटल्या तारखेचा रस वाटीभर खाणार. संध्याकाळपर्यंत धडधाकट राहिले, तर सही करणार!"

आईला एक पत्र लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलं. सखूबायनं आतून डबा कापून आणलान, वाटी भरलीन, माझ्यापुढे धरलीन. मी डोळे मिटले आणि खाल्ला. सगळा!

मग दिवसभर जी वरात सुरू झाली! दर दहा मिनिटांनी एकजण यायची.

"जीभ काढ बघू."

"डोळं पांढरं नाय ना झालं?"

"हातपाय गार लागतायत गो!" (ते सकाळपासूनच गार होते.)

इब्राहिमचाचा मशीनला तेल घालायचं थांबवून दुआ मागून गेले. अण्णा तर दाराबाहेरच येरझाऱ्या घालत होते. चार वाजता पोटात गुडगुडलं आणि मी ड्रॉवरकडे धावले. मग लक्षात आलं, धास्तीनं सकाळपासून दुसरं काहीच खाल्लेलं नाही, ती भूक होती!

दिवेलागणीला मी उभी राहिले, पेन उचललं आणि ठसठशीत सही केली, 'खाण्यास योग्य.' बायकांनी एकच गलका केला. अण्णांनी कागद माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. दुसऱ्या दिवशी खोकी बंदरावर गेलीसुद्धा.

गोदाम रिकामं झाल्यावर सखूबाय माझ्याजवळ आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "बाय, रागवू नको हां. तुला वाढला तो रस ह्या सालचा होता. जुना दिला असता, तर तू भ्यानंच मेली असतीस!"

मी तिचा पदर धरला. "आणि जुना? तो कुणी खाऊन बघितला?"

"त्याची नको काळजी करू," ती म्हणाली. "तो आम्ही चाळीसजणी आठ दिवस रोज खातोय!"