फुलाबाईच्या मेंढ्यांची डावी कूस

आमच्या वाडीचं गायरान नांगरून तिथं हत्तीगवत लावायचं, असं सरपंच आबासाहेबांनी ठरवलं. माणसाहून उंच चारा, एकरी ढीगभर. विरोधाचा अर्ज मी लिहिला, भांडलोही मीच. पण गायरान राखलं ते फुलाबाईनं.

शेळगावच्या वाटेला तिच्या बावीस मेंढ्या चरतात. चाळीस वर्षं त्यांच्यामागं चालून ती नुसत्या चावण्याच्या आवाजावरून सांगते, मेंढी काय खातीय.

ग्रामसभेत ती म्हणाली, "हरळी लई बुटकी, तोंडात येतीच किती? पवना गवत वीतभर, काडी बारीक, पाला दाट. घास मोठा आन् चावायला हलका. तुमच्या हत्तीगवताचं बुंध बघा. एक घास घेतला की मेंढरू चावतच बसतंय. दिस मावळतोय, पोट रिकामंच."

"मेंढीला काय कळतंय, फुलाबाई?" आबासाहेब हसले.

माझं डोकं सरकलं. "उद्याच दाखवतो. दोन मेंढ्या गायरानातल्या पवन्यात, दोन तुमच्या शेतातल्या हत्तीगवतात. तासभर. हरलो तर अर्ज मागं."

फुलाबाईच्या चार मेंढ्या मी पहाटेच माझ्या दावणीला आणल्या. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी जमली. मेंढ्या सोडल्या, तर चौघीही खाली बसून रवंथ करायला लागल्या. लोक पोट धरून हसले. फुलाबाईनं एकीची डावी कूस दाबली, खाल्लेला चारा तिथंच साठतो, ती टम्म होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"मानसिंगा, सकाळी काय घातलंस?"

"उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला. अंगात ताकद पायजे म्हणून."

"कुस्तीला न्हेणार हुतास व्हय?" मग ती सरपंचांकडं वळली. "आबा, सांच्याला या. तवर ह्यांचं जिरंल."

संध्याकाळी पवन्यातल्या दोघींनी मान वर केली नाही. मी घास मोजत होतो, पन्नासाच्या पुढं चुकलो. हत्तीगवतातल्या दोघींचं तोंड शेंड्याच्या पाल्याला पोचेना. खालचं जून बुंध चघळत उभ्या. तासानं फुलाबाईनं आबासाहेबांचा हात धरून चौघींच्या कुशीवर ठेवला. पवन्यातल्यांची टम्म, बाकी दोघींची खोलगट.

आबासाहेबांनी हात पुसला. "गायरान राहू दे. आणखी हत्तीगवत माझ्याच बांधावर लावतो."

"लावा की. म्हशीला मशिनीत बारीक कुट्टी करून घाला," फुलाबाई म्हणाली. "माझी मेंढरं मशीन कुठं वडत हिंडतील?"

मी अजून सांगतो, वाढं चांगलंच होतं. वेळ तेवढी चुकली.