सरांचा जुना नकाशा

वर्ग सुरू होण्याआधी सर भाजीची पिशवी घेऊन बाकांमधून फिरायचे आणि प्रत्येकाचा माऊस काढून तिच्यात टाकायचे. "क्लिक केलेलं उद्या आठवत नाही. काय केलंत ते लिहा, म्हणजे दुसऱ्यालाही तसंच करता येईल."

असे हट्टी मास्तर तुम्हीही पाहिले असतील. तळवड्यात एका वर्कशॉपच्या माडीवर दर रविवारी आम्ही भूशास्त्रवाले जमायचो. कुणी माती तपासणारे, कुणी बोअरची जागा दाखवणारे. सगळी हयात विकतच्या सॉफ्टवेअरवर टिचक्या मारण्यात गेलेली. सर मोफत, खुल्या साधनांत एकेक पायरी लिहून नकाशा करायला शिकवायचे. कुणी म्हणालं, "फुकटच्याचा भरवसा काय?" की हसायचे. "अहो राव, हे आतून उघडून बघता येतं. विकतचं येतं का?"

एवढा आग्रह कशापायी, ते त्यांनी एकदाच सांगितलं. चाकणजवळच्या एका कारखान्याला बोअर घ्यायचे होते. शेजारच्या वस्तीवरच्या विहिरीला धक्का लागणार नाही, असा अहवाल सरांनी दिला. पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली. मालकीणबाई विचारायला आल्या. "सायेब, तुमचा कागद तर न्हाई म्हनत हुता. मग पानी गेलं कुठं?" सरांनी नकाशा उघडला, पण तो कसा केला तेच आठवेना.

"चुकलो असतो तर पाय धरले असते," ते म्हणाले. "पण चुकलो का, हेच मला माहीत नाही."

त्यांच्या जुन्या नोंदी मीच मागून घेतल्या. वाटलं, नकाशा पुन्हा करू, सर निर्दोष ठरतील, त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल.

ठरले नाहीत. कारखान्याकडच्या विहिरींची पाणीपातळी नोंदींत कठड्यापासून मोजलेली होती आणि सरांनी ती जमिनीपासूनची धरली होती; तशी धरली की त्यांचाच जुना नकाशा येत होता. मी कठड्याची उंची वजा केली आणि नकाशातलं पाणी उलटं फिरलं. ते कारखान्याकडून त्या विहिरीकडेच येत होतं. बोअरनी ते वाटेतच ओढून घेतलं होतं.

सांगू नये असं फार वाटलं. तरी सांगितलं. सरांनी माझी ओळन् ओळ स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून पाहिली. उत्तर तेच आलं.

"छान लिहिलंयस गं," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर सर वर्गावर आलेच नाहीत. पहिल्या रविवारी वाट पाहून मी फोन केला.

"वस्तीवर आलोय," सर म्हणाले. "बाईंना नवा नकाशा दाखवला. माझंच चुकलं, असं सांगितलं."

मागून बाईंचा आवाज आला, "व्हय, पन आता आमी पानी कुठनं आनायचं?"

पुढचं ऐकायची माझी हिंमत झाली नाही. फोन मीच ठेवला.