वाल्दिरचं शेवटचं पान

वाल्दिर मैदानाच्या मधोमध उभा राहिला की चेंडू त्याला विचारल्याशिवाय पुढं जात नसे. बारा वर्षं त्यानं हेच केलं. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, क्षणभर पायाशी निजवायचा, अन् पुढच्याच्या धावेत नेऊन ठेवायचा. गोल दुसऱ्यांचे, टाळ्याही दुसऱ्यांच्या. ब्राझीलमधलं उसाचं गाव त्यानं सोळाव्या वर्षी सोडलं, खूप मैदानं पायाखाली घातली, आणि शहाण्णव साली सिंगापूरला आला.

आता सत्त्याण्णवचा नोव्हेंबर होता, अन् पाच महिने तो सामना खेळला नव्हता. गुडघा दुखावला तेव्हा क्लबनं त्याची जागा दुसऱ्या परदेशी खेळाडूला दिली. गुडघा बरा झाला, जागा काही परत मिळाली नाही. रोज सकाळी तो सरावाला जाई, इतरांना चेंडू वाटी, आणि यिशुन भागातल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये परत येई. खिडकीसमोर तशाच खिडक्या, रांगेनं, आभाळापर्यंत.

डिसेंबरात करार संपणार होता. गावच्या क्लबचा निरोप आला होता, जानेवारीत ये, एक हंगाम खेळ. त्या मैदानाच्या भिंतीला लागूनच त्याच्या आईचं घर. तिनं त्याला मोठ्या संघाकडून खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. पण सिंगापूरचा क्लब सुटकेचं पत्र देईना, आणि त्याशिवाय कुठंच खेळता येईना.

शेवटी करार घेऊन तो शेजारच्या पद्माकरांकडे गेला. ते मरीन इंजिनिअर, दोन जहाजांच्या मधल्या सुट्टीवर घरी होते.

"कॅप्टन, वाच."

"कॅप्टन वर असतो रे. मी खालचा, इंजिनवाला." पद्माकर चष्मा लावून वाचू लागले आणि चौथ्या पानावर थांबले. "सही करताना हे वाचलं नाहीस?"

"मी नेहमी शेवटचं पान मागतो. सही तिथंच असते ना?"

"यात लिहिलंय, करार संपला तरी वर्षभर तुझी नोंदणी क्लबकडेच, आणि तोवर सरावाला इथंच हजर राहायचं."

शिऱ्याची बशी ठेवता ठेवता पद्माकरांची बायको विनीता तडकली. "खेळवायचं नाही नि सोडायचंही नाही? अहो, गोठ्यातल्या बैलाला निदान नांगराला तरी जुंपतात!"

"आमच्यात बदली माणूस आल्याशिवाय जहाज सोडू देत नाहीत," पद्माकर म्हणाले. "याचा बदली तर केव्हाच आलाय."

दुसऱ्या दिवशी वाल्दिर मॅनेजरसमोर बसला.

"तुला सोडलं, आणि उद्या तू इथल्याच दुसऱ्या क्लबकडून आमच्यासमोर उभा राहिलास तर?"

"मी गावी खेळणार आहे."

"सगळे असंच म्हणतात." मॅनेजरनं एक कागद पुढं सरकवला. "निवृत्ती घे. मग लगेच घरी जा."

वाल्दिरनं आधी कागद उलटून पाहिला. मागं कोरं होतं. या वेळी एकच पान होतं, तेच पहिलं, तेच शेवटचं. अक्षरावर बोट ठेवून त्यानं ते दोनदा वाचलं. यापुढं कोणत्याही क्लबकडून खेळणार नाही. नाहीतर वर्षभर त्या खिडक्या. वर्ष सरेपर्यंत तो चौतिशीचा होणार, अन् गावचा क्लब तोवर थांबणार नव्हता. आईही सत्तरीला आली होती.

त्यानं सही केली.

संध्याकाळी इमारतीखालच्या फोनवरून त्यानं घरी फोन लावला. तिकडं सकाळ होती.

"आई, मी येतोय."

"ठाऊक होतं मला!" पलीकडून आवाज आला. "भिंतीला शिडी लावून ठेवलीय. वरून सगळं मैदान दिसतं. पहिला सामना कधी रे?"

वाल्दिरनं फोनची तार बोटाला गुंडाळली. समोर खिडक्यांत एकेक दिवा लागत होता.

"कधी रे?" तिनं पुन्हा विचारलं.